‘आपली आज्ञाधारक’ की ‘आपली आज्ञांकित’?

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी आठवीत शिकते. चुलतभावाच्या लग्नासाठी दोन दिवस रजा हवी म्हणून तिने मुख्याध्यापिकांना अर्ज लिहिला आणि शेवटी ‘आपली आज्ञांकित विद्यार्थिनी’ असं घातलं. वर्गातल्या बाईंनी लाल शाईने ‘आज्ञांकित’ खोडून वर ‘आज्ञाधारक’ लिहिलं. घरी वडील म्हणाले, दोन्ही शब्द गुलामीचे, त्यापेक्षा ‘कर्तव्यदक्ष’ लिही. आता मुलगी विचारते आहे, की बरोबर कोण.

ताई, मुलीचं चुकलेलं नाही. बाईंनी केलेला बदल मात्र योग्य आहे. वडिलांचा राग मला समजतो, पण त्यांनी सुचवलेला शब्द त्या जागी बसत नाही. मी ३३ वर्षं फोंडा तालुक्यात हायस्कुलात मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून लोकांच्या पत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं आणि मानपत्रं तपासत असतो. यांतल्या दोन शब्दांनी मला स्वतःलाही एकदा चांगलंच अडचणीत आणलं आहे, ते पुढे सांगतो.

आधी दोन जुळे शब्द घेऊ. ‘आज्ञा’ दोन्हींत आहे. फरक शेपटीचा. ‘धारक’ म्हणजे धारण करणारा. परवानाधारक, पदवीधारक, रेशनकार्डधारक हे शब्द आपण रोज वापरतो. त्यात वस्तू माणसाच्या हाती असते. आज्ञाधारक म्हणजे ज्याने आज्ञा उचलून घेतली, डोक्यावर ठेवली तो. ‘आपली आज्ञा शिरसावंद्य’ म्हणतात त्यातलं चित्र तेच.

‘अंकित’चं चित्र उलटं आहे. अंक म्हणजे खूण, शिक्का. नामांकित म्हणजे ज्याच्यावर नावाची मोहोर आहे तो. रेखांकित म्हणजे ज्यावर रेघ ओढली आहे ते. मग आज्ञांकित म्हणजे ज्याच्यावर आज्ञेचा शिक्का बसला आहे तो. आज्ञाधारक काहीतरी धरतो, आज्ञांकितावर काहीतरी उमटवलेलं असतं. मराठीत नुसता ‘अंकित’ शब्दही याच अंगाने जातो. ‘तो पूर्ण बायकोच्या अंकित आहे’ असं कुणी म्हटलं तर ते कौतुक नसतं. एखादा राजा दुसऱ्याचा अंकित होता म्हणतो तेव्हा तो हरलेला असतो. म्हणून व्याकरणाने शुद्ध असूनही, शाळेच्या अर्जात आज्ञांकित कानाला जड जातो. बाईंना कदाचित एवढं सगळं सांगता आलं नसतं, पण त्यांचा कान बरोबर होता.

मुलीने तो शब्द कुठून उचलला असेल? माझा अंदाज असा, की वर्गात किंवा शेजारी एखादं गुजराती कुटुंब असावं. गुजरातीत विद्यार्थी सर्रास ‘आज्ञांकित’ लिहितात आणि तिथे त्याला कसलाही वास नाही. हिंदीत ‘आपका आज्ञाकारी शिष्य’. कानडी शाळेत ‘विधेय’. गंमत बघा, हा विधेय आपल्याकडे व्याकरणाच्या तासात येतो, उद्देश्य आणि विधेय. संस्कृतात विधेयाला ‘सांगितल्याप्रमाणे वागणारा’ असाही अर्थ आहे. कानडीने तो ठेवला, आपण वाक्याच्या अर्ध्या भागाला दिला. काणकोणच्या बाजूला शिकवत असताना कारवारहून आलेल्या एका मुलाने मराठी अर्जात ‘आपला विधेय विद्यार्थी’ लिहिलं होतं. मी ते चूक म्हणून खोडलं आणि नंतर कोश उघडल्यावर मान खाली घातली. चूक नव्हती, फक्त शेजारच्या घरातली होती.

स्त्रीलिंगाचाही प्रश्न मनात असेलच. ‘आज्ञाधारिका’, ‘आज्ञाधारकी’ असं काही करायची गरज नाही. विशेषण जसंच्या तसं राहतं आणि लिंग ‘आपली’ने दाखवलं जातं. शब्द जोडून लिहायचा. ‘आज्ञा धारक’ असा तोडला, की आज्ञा वेगळी पडते आणि धारक वेगळा, आणि पुष्कळ संगणकांवर तो असाच तुटून येतो.

आता ‘आज्ञा’कडे जरा थांबतो, कारण इथे मुलीला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. आज्ञेत ‘ज्ञा’ आहे, म्हणजे जाणणं. ज्ञान, विज्ञान, प्रज्ञा, सगळी एकाच घरची मंडळी. मागे ‘आ’ लागून प्रयोजक अर्थाने झालं ‘कळवणं’, आणि वरच्याने खालच्याला कळवलं की त्याचा झाला हुकूम. उलट दिशेने, खालच्याने वरच्याला कळवायचं असेल तर ‘विज्ञापना’. मराठेशाहीच्या पत्रांत हा शब्द पावलोपावली भेटतो. म्हणजे आज्ञा आणि विज्ञापना ही एकाच जिन्यावरची उतरणारी आणि चढणारी पावलं. मुलीचा रजेचा अर्ज ही खरं तर विज्ञापना आहे.

त्या जुन्या पत्रांत नम्रता कुठे असे? वर, सुरुवातीला. ‘सेवेसी विनंती सेवक अमुक’ असं म्हणून मगच मजकूर. घरच्या पत्रातही ‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे आरंभी, आणि शेवट ‘बहुत काय लिहिणे’ किंवा ‘हे विज्ञापना’ अशा दोन शब्दांत. लिहिणारा आधी वाकायचा आणि मग ताठ उभं राहून बोलायचा. आज आपण ‘महोदया’ म्हणून ताठ सुरू करतो आणि शेवटी सहीच्या वर वाकतो. ही पद्धत इंग्रजी पत्रलेखनातून आली. ‘युवर्स ओबिडियंटली’ची जागा भरायला ‘आपला आज्ञाधारक’ कामाला आला, आणि ‘युवर्स फेथफुली’साठी ‘आपला विश्वासू’. शब्द आपलेच, खुर्ची मात्र परक्याची. जुन्या पिढीतले काहीजण शाळेच्या अर्जातही वर सा. न. वि. वि. आणि खाली आज्ञाधारक असं दोन्हीकडे वाकत. माझे वडील तसंच लिहीत.

आपल्या गोव्यात आणखी एक थर आहे. १९६१ च्या आधी सरकारदरबारी अर्ज पोर्तुगीजमध्ये जात. त्यांच्या शेवटी आज्ञेचं काही नसे. ‘पेद देफेरिमेंतु’ असे, म्हणजे ‘मंजुरी मागतो’, बस. आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात सरकारी कागदांवर सहीच्या आधी ‘आ बें द नासांव’ हे शब्द ठरलेले, म्हणजे ‘राष्ट्राच्या भल्यासाठी’. एखाद्या पाण्याच्या नळाचं पत्रही राष्ट्राच्या भल्यासाठीच. आमच्या घरच्या ट्रंकेत आजोबांचे असे दोन कागद आहेत. लहानपणी मला ती ओळ प्रार्थनेसारखी वाटायची. आता वाटतं, आज्ञाधारक परवडला. तो निदान एका माणसापुढे वाकतो, आणि त्या माणसाचं नाव पत्राच्या वर लिहिलेलं असतं.

कागद सोडून घरात या. घरात ‘आज्ञाधारक’ कुणी म्हणत नाही. आई म्हणते, ‘हा अजिबात ऐकत नाही’. पोराचे कान शाबूत असतात, ते सांगितलेलं करत नाही एवढंच. मराठीत ऐकणं या एका क्रियापदात ऐकणं आणि मानणं दोन्ही आलं. कोकणीतही तेच, ‘आयकना’ म्हटलं की समजायचं. ‘माझ्या शब्दाबाहेर नाही’, ‘शब्द खाली पडू दिला नाही’ हेही त्याच अंगणातले. आज्ञाधारकपणाची खरी मराठी ही आहे, आणि तिच्यात हुकूम नाही, शब्द आहे.

याच गुणाची थट्टा करायलाही मराठी मागे राहिली नाही. सांगितलं तेवढंच करणारा तो सांगकाम्या. मालकाने होय म्हणायच्या आत होय म्हणणारा तो होयबा. मान डोलावत फिरणारा तो नंदीबैल. आणि हुकमाचा ताबेदार तर कुठल्याही कचेरीत सापडतो. मुलीला हे शब्द मुद्दाम सांगा. ज्या भाषेत सांगकाम्या आहे, त्या भाषेला आज्ञाधारकपणाची हद्द ठाऊक आहे. वडिलांची शंका भाषेने त्यांच्या आधी घेऊन ठेवली आहे.

आणि दोन शब्दांचं नशीब बघा. पाईक आणि शिपाई. दोघेही पायदळातले. पाईक म्हणजे पायी लढणारा, धन्याबरोबर धावणारा साधा सैनिक. तुकोबांनी पाइकाचे अभंग लिहिले, भक्ताला पाईक केलं, आणि तेव्हापासून तो शब्द चढतच गेला. आज भाषणात लोक ‘विचारांचे पाईक’ असतात. सांग्याला तर पाईकदेवाचं देऊळ आहे, जत्रा भरते. शिपाई मात्र घसरला. पलटणीतून कचेरीच्या दाराशी आला, तिथून चहाच्या किटलीपाशी. दोघांनीही निमूट सांगितलेलं काम केलं, मग एकाला देऊळ आणि दुसऱ्याला स्टूल का, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता वडिलांचा शब्द, ‘कर्तव्यदक्ष’.

कर्तव्य या शब्दात ‘कर’ आणि ‘तव्य’ हा प्रत्यय आहे. तव्य म्हणजे करायला हवं असं. गंतव्य म्हणजे जिथे जायला हवं ते, ज्ञातव्य म्हणजे जाणायला हवं ते. वक्तव्य म्हणजे खरं तर बोलायलाच हवं असं काहीतरी, पण वर्तमानपत्रात रोज जी वक्तव्यं येतात ती वाचून हा अर्थ कुणाला पटायचा नाही.

आमच्या लोकांनी कर्तव्याला फार घरगुती करून टाकलं आहे. ‘आमच्याकडे यंदा कर्तव्य आहे’ म्हटलं की कुणी गीता उघडत नाही, मुलीचं किंवा मुलाचं लग्न काढलं आहे हे समजतं. ताई, तुमच्या मुलीने जिच्यासाठी रजा मागितली ती गोष्टही कर्तव्यच! हे मला अर्थाची घसरण वाटत नाही. करायला हवं, टळणार नाही, आणि कुणी हुकूम दिलेला नाही, या तिन्ही खुणा त्यात शाबूत आहेत.

शेजारी ‘ड्युटी’ ठेवून बघा. खाणीवर, बोटीवर, इस्पितळात, पोलिसात, आपल्याकडे सगळे ड्युटीवर जातात. ड्युटी लागते, बदलते, चुकवता येते आणि संध्याकाळी सुटते. ‘माझी ड्युटी संपली’ हे रोजचं वाक्य. ‘माझं कर्तव्य संपलं’ हे वाक्य म्हातारपणी एखादा माणूस एकदाच म्हणतो, आणि तेही खोल श्वास सोडून. इंग्रजीतून आलेल्या शब्दाने घड्याळ घेतलं आणि कर्तव्याला घड्याळाबाहेर ठेवलं. परीक्षेत मुलं ‘डॉक्टर आपले कर्तव्य संपवून घरी गेले’ असं लिहीत, तिथे मी ‘ड्युटी’ लिहून देत असे. पालक तक्रार करायचे, की सर इंग्रजी शब्द शिकवतात.

पण ‘तव्य’ची खरी करामत आपल्या क्रियापदात आहे, आणि तीच या सगळ्या उत्तराचा कणा आहे. ‘कर’ हा आज्ञार्थ. ‘करावे’ हा विध्यर्थ. शाळेत आपण पाठ केलं, की विध्यर्थ कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा दाखवतो. हे ‘करावे’ आलं कुठून? ‘कर्तव्य’ प्राकृतातून घासत घासत आला आणि मराठीत ‘करावे’ झाला. म्हणजे आपण ‘खोटे बोलू नये, खरे बोलावे’ म्हणतो तेव्हा नकळत कर्तव्यातला तो ‘तव्य’च उच्चारत असतो.

कर्ताही बघा. ‘तू कर’ म्हणताना समोर माणूस उभा पाहिजे. बोट त्याच्याकडे आहे. ‘त्याने करावे’ म्हणताना कर्त्याला ‘ने’ लागतो, कारण मुळात ते ‘त्याच्याकडून केले जावे असे’ आहे. वाक्याच्या मध्यभागी काम येऊन बसतं आणि माणूस बाजूला होतो. सांगणारा तर दिसतच नाही. कोकणीत रूप वेगळं, ‘ताणें करचें’, पण कर्ता तसाच बाजूला सरकलेला.

मंगेशीला किंवा म्हार्दोळला जाल तेव्हा पाट्या वाचा. देवळांच्या पाट्या सहसा ‘पादत्राणे बाहेर ठेवावीत’ अशा वळणाच्या असतात. जत्रेच्या हस्तपत्रकात ‘भाविकांनी तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा’. रस्त्यावर पोलिसांची पाटी मात्र ‘गाडी उभी करू नका’. देवळाला हुकूम सोडायचा नसतो, पोलिसांना सोडायचा असतो. एकदा एका देवस्थानच्या पत्रकात नव्या मुलांनी ‘देणग्या द्या, पावती घ्या’ असं छापायला आणलं होतं. मी ‘देणग्या द्याव्यात’ केलं. ते म्हणाले, सर, यात जोर नाही. मी म्हटलं, देवाला जोर कशाला?

देवळाचं निघालंच तर कौलाचं सांगतो, कारण आज्ञाधारकपणाचा आपल्याकडचा सर्वांत जुना नमुना तोच. मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. घर बांधावं का, मुलीचं स्थळ घ्यावं का, शेताची वाटणी करावी का, सगळं विचारतात आणि मिळालेला कौल मानतात. परक्या माणसाला हे निव्वळ आज्ञापालन वाटेल. पण माझी आजी कौल घ्यायला जायची तेव्हा आदल्या रात्रीपासून प्रश्न कसा घालायचा ते घोळवत बसायची. ‘जाऊ का’ विचारायचं, की ‘न जाऊ का’. पाकळी देवाची, प्रश्न मात्र तिचा.

राहिला ‘दक्ष’. संस्कृतात दक्ष म्हणजे कुशल, कामात तरबेज. मराठीत येता येता तो जागा राहिला, सावध झाला. कवायतीत ‘दक्ष’ म्हटलं की टाचा जुळतात, श्वास आत जातो. म्हणून मराठी कर्तव्यदक्ष म्हणजे कर्तव्यात निष्णात नव्हे, कर्तव्याच्या वेळी न झोपणारा. शब्द फार सुंदर होता. मग प्रत्येक बदली झालेला अधिकारी कर्तव्यदक्ष झाला, प्रत्येक निधनवार्तेत ‘मनमिळाऊ व कर्तव्यदक्ष’ अशी जोडी बसली, आणि त्याची धार गेली. जाता जाता एक, ‘कर्तव्य’ आणि ‘कर्तृत्व’ यांची गल्लत करू नका. कर्तृत्व म्हणजे कर्त्याचा पराक्रम, त्यात तृ आहे, ‘कर्तुत्व’ नव्हे. छापखान्यातून आलेल्या दर दहा मानपत्रांपैकी सहांत मी ते दुरुस्त करतो.

‘आज्ञाधारक’ आणि ‘कर्तव्यदक्ष’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी का चालत नाहीत ते मी ज्या दिवशी शिकलो, तो दिवस आता सांगतो. आमच्या शाळेचा शिपाई निवृत्त व्हायचा होता. ३१ वर्षं नोकरी. मानपत्र लिहायचं माझ्याकडे आलं. मी अर्ध्या तासात लिहून काढलं, ‘आज्ञाधारक, कर्तव्यदक्ष व प्रामाणिक सेवक’. फोंड्याच्या एका पेंटरकडून जाड कागदावर सुरेख अक्षर काढून घेतलं, कडेला वेलबुट्टी. नाव बरोबर आहे ना हे बघायला आदल्या दिवशी त्याला दाखवलं. त्याने ते सावकाश वाचलं. बोट पहिल्या शब्दावर ठेवलं.

‘मास्तर, हें उतर म्हाका बसना.’

मी म्हटलं, का रे?

‘म्हज्या फायलींत मेमो आसा.’

मेमो मला आठवत होता. काही वर्षांपूर्वी जुलैत एका दुपारी आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं, घंटा दे, मुलांना लवकर घरी सोड. हेतू चांगलाच होता. हा घंटा द्यायच्या आधी छत्री घेऊन व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, जाऊन आला. पलीकडच्या वाड्यावरची चाळीसेक मुलं साकवावरून जायची, आणि पाणी साकवाच्या फळ्यांना लागलं होतं. परत येऊन त्याने घंटा दिलीच नाही. मुख्याध्यापक ओरडले, हा दारात उभा. मुलं वर्गात बसून राहिली. तासाभराने साकव दिसेनासा झाला. मुलं संध्याकाळी सातला, पाणी ओसरल्यावर, बापांच्या खांद्यावरून गेली. चार दिवसांनी याला मेमो मिळाला. विषय, आज्ञाभंग. कारण कागदावर आज्ञाभंग झालाच होता, आणि कुणीतरी तो वरच्या कचेरीत कळवला होता. पुढे काही कारवाई झाली नाही, पण मेमो फायलीत राहिला.

त्याला मेमोचा राग नव्हता. माझं लिहिणं खोटं होतं एवढंच त्याचं म्हणणं. आणि मी ३१ वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तीन विशेषणं चिकटवताना एकदाही विचार केला नव्हता, की पहिली दोन त्याच्या बाबतीत एकमेकांशी भांडलेली आहेत. ‘घंटा दे’ हा आज्ञार्थ होता. ‘मुले पाण्यात जाऊ देऊ नयेत’ हा विध्यर्थ. तो उच्चारला कुणीच नव्हता, कारण विध्यर्थाला उच्चारणारा लागत नाही.

मी म्हटलं, मग ‘शाळेचा राखणदार’ लिहितो. तो हसला. राखणदार देव असतो, त्याला सोरो, म्हणजे दारू, आणि रोट द्यावा लागतो, म्हणाला. शेवटी रात्री बसून सगळा कागद पुन्हा लिहिला, पेंटरला दुप्पट पैसे दिले. विशेषणं काढून टाकली. त्या जागी लिहिलं, ‘शाळेची चावी आणि घंटा ३१ वर्षे यांच्याकडे होती.’ व्हाळाची गोष्ट खाली दोन ओळींत, मेमोच्या तारखेसकट. समारंभात ते वाचलं गेलं तेव्हा पलीकडच्या वाड्यावरच्या बायका मागे उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसतं एकमेकींकडे बघितलं. मानपत्रं लिहून घ्यायला येणाऱ्यांना मी तेव्हापासून पहिली गोष्ट विचारतो, माणूस कसा होता ते सांगू नका, त्याने काय केलं ते सांगा.

आता ‘गुलामीचे शब्द’ या आक्षेपाकडे. वडिलांना सांगा, की शंका रास्त आहे, आणि गोव्यात तर ती जास्तच शोभते. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी परवानगीशिवाय सभा घेतली आणि अटक करून घेतली. आपण तो दिवस क्रांतिदिन म्हणून पाळतो. म्हणजे हुकूम न मानल्याचा दिवस आपण साजरा करतो. माझ्या नोकरीभर शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या. त्याच आठवड्यात मुलं एका तासाला क्रांतिदिनावर निबंध लिहीत आणि दुसऱ्या तासाला ‘आपला आज्ञाधारक’ लिहून अर्जलेखनाचा सराव करीत. एकदा नववीतल्या एका मुलीने विचारलं, सर, लोहियांनी अर्ज लिहिला असता तर खाली काय लिहिलं असतं? वर्ग हसला. मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं.

आज देईन. हिंदीत त्या प्रकारच्या लढ्याला ‘सविनय अवज्ञा’ म्हणतात. मराठीत आपण ‘सविनय कायदेभंग’ म्हणतो. मराठी अवज्ञेत तुच्छता आहे, वडीलधाऱ्यांची अवज्ञा म्हणजे त्यांचा अपमान, म्हणून मराठीने ती बाजूला ठेवली आणि मोडायचं ते नेमकं काय ते सांगितलं, कायदा. माणूस नाही. आणि ‘सविनय’ दोन्हीकडे आहे. तेव्हा लोहियांनी खाली ‘आपला विनीत’ लिहिलं असतं आणि सभा घेतलीच असती, असं मी त्या मुलीला सांगितलं असतं.

म्हणून कुठे काय लिहावं हे सरळ सांगतो. मुख्याध्यापिकेला अर्ज असेल तर ‘आपली आज्ञाधारक’ चालतं, कारण शाळेत तिथे खरोखरच सांगणं आणि ऐकणं हे नातं आहे. नको वाटत असेल तर ‘आपली विनीत’ किंवा ‘आपली नम्र’ लिहावं, एकही गुण कमी व्हायचं कारण नाही. पण मुलगी मोठी होऊन मामलेदाराला, तलाठ्याला किंवा पंचायतीला अर्ज करील, तेव्हा तिथे ‘आज्ञाधारक’ अजिबात नको. नागरिक अधिकाऱ्याचा आज्ञाधारक नसतो. तिथे ‘अर्जदार’ पुरे, फार तर ‘आपली विश्वासू’. आणि तो अर्ज तिने मराठीत बिनधास्त करावा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, पण सरकारी कामात मराठीच्या वापराची तरतूदही त्यातच आहे.

‘कर्तव्यदक्ष’ स्वतःच्या सहीवर कधीच लिहू नये, शाळेत नाही, कचेरीत नाही. ते दुसऱ्याने म्हणायचं. आपण आपल्याला नम्र म्हणू शकतो, आज्ञाधारक म्हणू शकतो, कारण त्यात आपण खाली बसतो. ‘मी कर्तव्यदक्ष’ म्हणणारा माणूस मात्र स्वतःच खुर्ची ओढून घेतो.

तुमच्या मुलीने अर्ज पुन्हा लिहायला घेतला असेल तर एकच बघा. ‘विद्यार्थी’मध्ये शेवटचा र्थी दीर्घ, पण ‘विद्यार्थिनी’मध्ये र्थि ऱ्हस्व आणि नी दीर्घ. पहिल्या अर्जात तिने तो कसा लिहिला होता ते तुम्ही कळवलेलं नाही. बाईंच्या लाल शाईतून तो सुटला असेल तर बरोबरच असावा.